नोंदीतलं नाव

...आणि शाल पण कसली, तर मोरपंखी, माझ्या आवडीचा रंग, आणि कुणाच्या खांद्यावर, तर सिताराम काकांच्या, आणि मी काय करत होते, तर त्यांच्याच फोनवर त्यांचाच फोटो काढत होते! वर मला म्हणतात, "क्रांती, नारळ दिसतोय ना नीट?" जळते मी. तुम्हाला सांगते, सरळ जळते, उगाच मोठं मन वगैरे दाखवायचं नाहीये मला.

तुम्हीच बघा. जुईनगरला आमची छोटी इंटरनेट कंपनी, कान्हाशेठची, घरोघरी वायर टाकून नेट देतो. आता नेटवर आकड्यांचे पत्ते असतात, ते वाटणारी एक संस्था असते, आणि तिच्याकडे नोंद असते की अमुक पत्ते या कंपनीचे, काही झालं तर या माणसाला विचारा. तो माणूस कोण? सिताराम काका. बारा वर्षांपूर्वी अर्ज भरायच्या दिवशी ऑफिसात ते एकटेच हजर होते, एवढीच त्यांची पात्रता. आयटीची डिग्री माझी, सगळ्या मशिनी सांभाळते मी, आणि नाव कुणाचं? सिताराम काकांचं.

त्यात ते निशिगंधाचं प्रकरण. दिवाळे गावातली, कॉलेजात जाणारी पोरगी, आई मासळी विकते. कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं उघडून घाणेरडं लिहायचा, महिनाभर ती घराबाहेर पडली नाही. पोलिसांना त्या खात्यामागचा आकड्यांचा पत्ता मिळाला, त्यांनी संस्थेला विचारलं, संस्थेने आमच्याकडे बोट दाखवलं, पत्र आलं. काकांनी काय केलं? पत्राला पंच मारला, फायलीत लावलं आणि म्हणाले, "बघ गं, हे काय मागतायत." अहो, एका पत्त्यामागे आमची चाळीस घरं, चाळीला एकच नळ असावा तशी, कुणी कधी पाणी भरलं ते कळायला सेकंदापर्यंतची वेळ लागते, पोर्ट नंबर, म्हणजे त्या नळाखाली कुणाची कळशी होती ते सांगणारा आकडा, तोही लागतो, आणि पत्रात दोन्ही नाही! मीच फोन केला, काकांच्या नावाने, कारण पोलिसांना तेवढंच नाव माहीत. नंबर मिळवला, नोंदी उपसल्या, जेवण नाही, चहा नाही, संध्याकाळी घर सापडलं. तळोज्याला कामाला जाणारा एक जण, आमचंच गिऱ्हाईक! पोरगी परत कॉलेजला जायला लागली, तिची आई पापलेटं घेऊन ऑफिसात आली, आणि दिली कुणाला... मग पोलिसांनी सत्कार करून ती मोरपंखी शाल दिली, तीही कुणाला... नाव कुणाचं? सिताराम काकांचं.

मी म्हटलं, काका, आता माझं नाव घालू या. तर चष्मा पुसत म्हणतात, "नाव लावायला टिकणारं माणूस लागतं, बाळा. उद्या लग्न होऊन गेलीस, तर पोलिसांनी तुला शोधायचं कुठे?" म्हणजे लग्न करणारी मुलगी काय फरार आरोपी असते?

पण मी पण मीच. संस्थेचं अधूनमधून मेल येतं, नोंदीतला माणूस अजून आहे का, पंधरा दिवसांत कळवा. काका ते लॉटरीचं समजून पुसून टाकतात. या वेळी मी आधी पकडलं आणि थेट शेठकडे. म्हटलं, याही वेळी उत्तर गेलं नाही तर नोंद बाद ठरेल, मग पोलिसांनी विचारायचं कुणाला? शेठ म्हणाले, "मंग तुजा नाव टाक नं, त्यान काय हाय?"

काय हाय! तीन वर्षं मी जळतेय, आणि त्यात काय हाय!

टाकलं. माझं नाव संस्थेच्या नोंदीच्या पानावर झळकलं, आईला पाठवलं, मैत्रिणींना पाठवलं, स्टेटसला ठेवलं. काका म्हणाले, छान. एवढंच. जरा तरी जळायचं ना माणसाने?

परवा पोलिस ठाण्यातून फोन आला. "क्रांती मॅडम का? नोंदीत तुमचं नाव दिसलं म्हणून केला." अहाहा... मी खुर्चीत ताठ बसले, ओढणी सारखी केली. म्हटलं, बोला सर. एक पत्ता तपासायचाय म्हणाले, अर्जंट आहे, एक मुलगी घाबरून बसलीय. मी म्हटलं, वेळ आणि पोर्ट नंबर सांगा. तर पलीकडून अगदी आदराने, "ते सांगतो हो... जरा सिताराम साहेबांना देता का?"

दिला. काय करणार, तिकडे मुलगी घाबरलेली, इथे मी मानापमान कुठे करत बसू? काकांचं सुरू, हो हो, होऊन जाईल, आपलंच काम आहे... आणि मग फोनवर हात ठेवून हळूच मला, "क्रांती, ते पोर्टचं काय विचारायचं असतं गं?"

सांगितलं मी. आता या वेळी शाल कुठल्या रंगाची येते तेवढं बघायचं. फोटो काय, मीच काढणार आहे.