डमी अर्ज कोणाचा

हे लिहिणारच नव्हतो, कारण दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकलंय. कल्याण कोर्टाबाहेर झेरॉक्सच्या लाइनीत होतो. पुढे दाते वकील. आमच्याकडचे पुढारी ह्यांना विचारूनच तिकीट वाटतात. सोबत मानपाड्याच्या गोदाताई. त्यांचे मिस्टर काळुरामभाऊ टपरीवर चहा पीत होते.

"उद्या दोन अर्ज भरू. भाऊंचा मुख्य, तुमचा डमी. त्यांचा बाद झाला तर तुमचा धरतील."

"तुमच्या हातचा अर्ज कधी बाद झालाय?"

"तीस वर्षांत एकही नाही."

"म्हंजे मी चौथ्यांदा नुसती सही करनार."

"तुम्हाला उभं राहायचंय का?"

"वॉर्डात पान्याची लाइन कोनी आनली? बायका कोनाच्या दारात येतात?"

"आणि मला भाऊंच्या फोनवरून मेसेज कोण करतं?"

"मीच. ते फोन घरीच इसरतात."

"म्हणजे पंधरा वर्षं मी तुमचाच वकील आहे. अहो भाऊ, जरा इकडे या. यंदा ताई मुख्य आणि तुम्ही डमी, चालेल?"

"मना भाषन कराया लागंल?"

"अजिबात नाही."

"मंग हे आधी का नाय इचारलं, वकीलसाहेब?"

"पक्षाला मी कळवतो. ताई, फोटो लागतील तुमचे."

"सकालीच काढून आनलेत."

माझा दोस्त मयूर काळुरामभाऊंचे बॅनर छापतो. लाइनीतूनच त्याला फोन लावला.

"आज भाऊंचा एकपण बॅनर छापू नको."

"का रे? ऑर्डर गेली का?"

"नाय गेली. उद्या अर्ज भरला की पहिलं तुलाच सांगतो, प्रॉमिस."