पडद्यापलीकडचे शहाण्णव हजार

मुसेकिवा : ...तर हिशोब असा आहे, ताकुरा. हरारेला जाणाऱ्या दोनच्या बसच्या आत तुझ्या सासूबाईंची, म्हणजे आपल्या अंबुयांची म्बिरावर वाजवलेली धून नीट टिपलीस, तर ती तिथल्या ध्वनिसंग्रहात जाईल. खाली ती धून शिकवणाऱ्या त्यांच्या आईचं नाव लागेल. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या तुझ्याबद्दल एक बरा शब्द काढतील. एवढा नफा मी तुझं लग्न जुळवतानाही मिळवून दिला नव्हता.

ताकुरा : काका, जरा थांबा. लॅपटॉपवर हे बघा. अठ्ठेचाळीस हजार. यादी इथेच संपते.

मुसेकिवा : अठ्ठेचाळीस हजार काय कमी झाले?

ताकुरा : संग्रहवाल्यांना शहाण्णव हजार हवेत. सेकंदाला आवाजाचे तेवढे तुकडे. मागच्या महिन्यात मी अठ्ठेचाळीसचीच फाईल फुगवून शहाण्णवची म्हणून पाठवली. ती परत आली.

मुसेकिवा : दुधात पाणी घातलंस.

ताकुरा : घातलं. आणि त्यांनी चाखून बघितलं. आज शेवटची तारीख आहे.

अंबुया : मुसेकिवा, जावयांना विचार, म्बिरा मांडीवर घेऊन अजून किती वेळ बसायचं? माझे अंगठे गार पडले.

मुसेकिवा : ऐकलंस?

ताकुरा : ऐकलं. मधे पडदाच आहे, भिंत नाही. पण जावयानं सासूशी थेट बोलायचं नाही ना, तुम्ही जाऊन सांगा, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतोय.

मुसेकिवा : अंबुया, जावई म्हणतात, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतोय.

अंबुया : तिसऱ्यांदा?

मुसेकिवा : ताकुरा, अंबुया विचारतात, तिसऱ्यांदा का?

ताकुरा : चौथ्यांदा. ते नका सांगू. ड्रायव्हर नवा घातला, ब्लूटूथ बंद केलं, बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले. आता येईल. आलं... नाही. पुन्हा अठ्ठेचाळीस. पण लॅपटॉपची ऐपत आहे हो, काका. परवा दुकानात माईक जोडायच्या याच पेटीवर शहाण्णव दाखवत होता. मी डोळ्यांनी बघितलंय.

अंबुया : मुसेकिवा, जावयांना सांग, म्बिरा बोलेनाशी झाली तर मी लोखंडाच्या पट्ट्यांना दोष देत नाही. पट्टी आणि फळी यांच्या मधे काय अडकलंय, ते आधी बघते.

मुसेकिवा : ताकुरा, अंबुया म्हणतात, म्बिरा...

ताकुरा : मधे. काका, मधे. दुकानात पेटी लॅपटॉपच्या शेजारी होती. इथे पेटी आणि माईक त्यांच्यापाशी, लॅपटॉप माझ्यापाशी स्वयंपाकघरात, आणि मधे ही लांब वायर.

मुसेकिवा : मग लांब नको? जावयानं सासूच्या खोलीत बसायचं असतं का?

ताकुरा : वायर तेवढी पोचेना म्हणून मी मधे वायरी जोडायचा हा जुना हब लावला. हाच तो. याच्यातून शहाण्णव हजार मावतच नाहीत. लॅपटॉपला हे कळतं, म्हणून तो विचारायच्या आधीच हात आखडता घेतो. बिचाऱ्याला मी सकाळपासून शिव्या घालतोय.

मुसेकिवा : काढ मग तो.

ताकुरा : काढला की उरते पेटीची स्वतःची वायर. हातभर.

मुसेकिवा : हातभर म्हणजे...

ताकुरा : म्हणजे अंबुयांच्या गुडघ्याशी बसायचं.

मुसेकिवा : ते जमायचं नाही. लग्नाच्या बोलणीत मीच शब्द दिलाय, जावई पडद्याच्या अलीकडे. मोडला तर कोंबडीचा दंड. लॅपटॉप घेऊन मी जातो, बटण मी दाबतो.

ताकुरा : लग्नाचे फोटो तुम्हीच काढले होते. अकरा फोटो, अकराही तुमच्या कपाळाचे.

मुसेकिवा : कपाळ चांगलं आलं होतं.

अंबुया : जावईबापू.

मुसेकिवा : अंबुया, मी सांगतो ना त्याला. काय सांगू?

अंबुया : तू थांब. जावईबापू, एक वाजून गेला. चपला काढा आणि आत या. माझ्याकडे बघायला संकोच वाटला तर लॅपटॉपकडे बघा.

(पडदा सरकतो. ताकुरा लॅपटॉप छातीशी धरून गुडघ्यांवर आत येतो, खाली बसून हलक्या टाळ्या वाजवत नमस्कार करतो.)

ताकुरा : अंबुया, वायर... वायर पलीकडच्या बाजूनं देता का जरा? हां. लागली. शहाण्णव. अंबुया, शहाण्णव आलं. त्याच्या खाली एकशे ब्याण्णवसुद्धा आलंय.

अंबुया : मला एकच पुरे. वाजवू?

ताकुरा : वाजवा. काका, तुम्ही श्वासही सावकाश घ्या.

मुसेकिवा : ...झालं का? बोलू का आता?

ताकुरा : झालं. साडेआठ मिनिटं. म्बिरा ज्यात बसवलीय त्या भोपळ्यावरच्या शिंपल्यांची खरखरसुद्धा अगदी जशीच्या तशी आलीय. ऐका, अंबुया, हेडफोन लावून ऐका. इथे, दुसऱ्या फेरीत डावा अंगठा कसा मागे रेंगाळतो.

अंबुया : आईचा अंगठाही असाच रेंगाळायचा. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मुसेकिवा : ते सगळं छान. पण शब्द मोडला. कोंबडी कुणाकडून?

ताकुरा : माझ्याकडून. मीच आत आलो.

अंबुया : मी बोलावलं. कोंबडी माझी. तपकिरी आहे ना, ती धर.

मुसेकिवा : आणि रिवाजाप्रमाणे तंगडी मध्यस्थाची.

अंबुया : असते. पण आज तू मधे होतास कुठे?

मुसेकिवा : म्हणजे कोंबडी तुमची गेली, तंगडी माझी गेली. या जावयाचं काय गेलं ते सांगा.

अंबुया : ती लांब वायर. पुढच्या वेळी आणू नका, जावईबापू.