बिल्ला कुरोसेचा, दार भाऊजींचं

...आणि मी म्हणते, धुवायची तर गाडी धुवावी ना माणसानं, दाराच्या बिजागऱ्या कशाला पुसत बसायच्या? पण आमचे हे पडले कुरोसे मोटर्सच्या रंगखात्यातले. छत्तीस वर्षं काढली तिथं, रिटायर झाले तरी फ्रीजवर ओरखडा दिसला की घास उतरत नाही यांना. तर तुम्हाला सांगते, कुरोसेची नवी गाडी आल्याच्या पहिल्याच रविवारी बिजागरी पुसता पुसता हे जे गप्प झाले... मी चहा घेऊन गेले, तर फडकं हातात आणि नजर दाराच्या आतल्या चिकटपट्टीवर. तिथं काय लिहिलेलं? ‘निर्माता : तामाई.’

तामाई म्हणजे कुरोसेचे सात जन्मांचे वैरी हो. वैर कंपन्यांचं, पण शिरलं आमच्या घरात, कारण माझे धाकटे दीर, शोझोभाऊजी, तामाईत दारं बसवतात. सासरे गेले तेव्हा अस्थी कोणाच्या गाडीतून न्यायच्या, कुरोसेच्या की तामाईच्या, यावरून भावाभावांची जुंपली. अस्थी शेवटी टॅक्सीतून गेल्या, आणि यांचं बोलणं बंद झालं ते एक तप. नव्या वर्षाचं साधं कार्डसुद्धा नाही. आणि मधल्या काळात दोन्ही कंपन्यांनी हातमिळवणी केली, बरं का. छोटी गाडी तामाईनं बनवायची, कुरोसेनं आपला बिल्ला डकवून विकायची. आमच्या यांना कोण कळवणार?

यांनी लगेच शोरूमला फोन लावला. तिथला तो नागासे, आवाज असा की जणू पोळीवर तूप सोडतोय, “इवाओसान, गाडी त्यांची असली तरी बिल्ला आपलाच आहे ना? शिवाय पुढची जाळीसुद्धा आपली. आणि लिटरला अठ्ठावीस किलोमीटर...” म्हणजे नवरदेव दुसऱ्याचा, फेटा तेवढा आपला. पण ॲव्हरेज मात्र चांगलं देते हं.

झालं, यांनी गाडीवर बहिष्कार टाकला. “वैऱ्याच्या मांडीवर बसणार नाही मी.” बरं, नका बसू. आमच्या डोंगरात बस दिवसातून दोनदा. सकाळच्या बसनं हे न्हाव्याकडे जायचे, अर्ध्या तासात केस कापून व्हायचे, आणि संध्याकाळच्या बसपर्यंत त्याच दुकानात जुनी मासिकं वाचत बसायचे. मी शेजारून गाडी घेऊन गेले तरी मान वर नाही. आणि घरी आल्यावर? मी स्वयंपाकघरात मुळे चिरतेय, खिडकीतून बघते, तर हे चोरासारखे गाडीत वाकून पेट्रोलचा काटा बघतायत. मला म्हणाले, “काटा बिघडलाय बहुतेक, हलतच नाही.” काय सांगू यांना? ॲव्हरेज चांगलं देते हो.

तेवढ्यात सासऱ्यांचं तेरावं स्मरणवर्ष आलं, देवळात पूजा ठेवलेली. सासूबाईंना एक्क्याण्णव वर्षं. त्या जेवताना एकच म्हणायच्या, “दोघं पोरं एका ताटलीतून लोणचं घेताना बघितली की मी जायला मोकळी.” शेवटी म्हातारीनं स्वतःच भाऊजींना फोन लावला. “शोझो, मी बोलते. ये.” एवढंच बोलून ठेवला.

भाऊजी आले, आणि कशातून आले? तीच गाडी. तोच पाणचट चहाचा रंग, तीच छोट्या गाड्यांना असते ती पिवळी नंबरप्लेट, फक्त बिल्ला तामाईचा. अंगणात दोन गाड्या शेजारीशेजारी आणि दोन भाऊ त्यांच्या दोन टोकांना. सासूबाई काठी टेकत आल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाल्या, “दोन्ही शोझोनंच केल्या? मग इवाओनं काय केलं?”

भाऊजी आमच्या गाडीपाशी आले. दार उघडलं, लावलं. ठप्प. कडेवरून बोट फिरवलं. चिकटपट्टीवरचा नंबर वाचला आणि यांच्याकडे न बघताच म्हणाले, “आमच्याच पाळीतली आहे. हे दार माझ्या हाताखालून गेलंय.”

यांनी वाकून दाराचा कोपरा बघितला. मग म्हणाले, “दार ठीक आहे. रंग नाही बरोबर. कोपऱ्यात संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत आलाय.”

“माहितीय,” भाऊजी म्हणाले, “रंगाला तू हवा होतास, दादा.”

यांनी फडकं काढलं आणि आधीच लखलखीत असलेलं ते दार पुसायला घेतलं. खाली मान घालून, चांगली पाच मिनिटं. मी मुकाट्यानं आत गेले आणि ताटलीत लोणचं काढलं.

देवळात एकाच गाडीतून गेलो. मी चालवत होते, सासूबाई पुढे, आणि मागं हे दोघं गुडघे पोटाशी घेऊन, एकमेकांवर रेललेले. चढावर गाडी जरा कण्हली. पण चौघं बसूनही ॲव्हरेज चांगलं दिलं हं.

आता सगळं गोड झालं. इतकं गोड, की रोज जेवणाच्या वेळेला फोन. “आज किती दिलं?” “साडेसव्वीस.” “टायरची हवा बघ.” दीड-दीड तास, मोठ्ठ्यानं, कारण दोघांनाही ऐकू कमी येतं. परवा सासूबाईंनी मला जवळ बोलावलं, हळूच कानात म्हणाल्या, “नोबुए, यांचं पुन्हा काही भांडण लावता येतं का बघ ना.”

म्हटलं, बघते, आई.