भागीरथाबाई निमजे व एक इलेक्ट्रिक गिटार घरातून निघून गेल्याबाबत

जबाब
दि. ११/०२/२०२५, वेळ दुपारी ३.५०

मी गुलाबचंद भागवत निमजे, वय ५३ वर्षे, धंदा खाजगी नोकरी (हिंगणा औद्योगिक वसाहत, पंख्यांचा कारखाना, रंगखाते), राहणार तांडापेठ, नागपूर. समक्ष ठाण्यात हजर राहून, महिला हवालदार मिनल मॅडम यांनी विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी पुष्पलता, मुलगी नूपुर (वय २६, मिहानमध्ये कॉम्प्युटर कंपनीत नोकरी) आणि आई भागीरथाबाई असे राहतो. आमचं घराणं विणकरांचं. आता घरात माग नाही, सुईत दोरा ओवायचा तरी चष्मा शोधावा लागतो.

आज सकाळी सव्वादहाच्या सुमारास पत्नी अंघोळीला गेली असता आई कोणास काही न सांगता घरातून निघून गेली. वर्णन: वय ७८, बांधा सडपातळ, उंची अंदाजे चार फूट नऊ इंच, रंग सावळा, अंगात हिरवं नऊवारी, पायात स्लीपर, डाव्या हातावर नाव गोंदलेलं. सोबत एक इलेक्ट्रिक गिटार, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. हरवलेल्या माणसाच्या फॉर्मात गिटारीसाठी रकाना नाही, म्हणून ती "अंगावरील दागिने" या रकान्यात लिहिली आहे.

आई गिटार वाजवते काय, असं मॅडमने विचारलं. वाजवत नाही. आमच्याकडे कोणीच वाजवत नाही, नूपुर वाजवते, तेही सगळ्यांचं मत नाही. गिटार भरीव लाकडाची असून आत काही लपवता येत नाही, हेही विचारल्यावरून सांगतो.

गिटार नूपुरने जुनी घेतली. तिचा काळा रंग ठिकठिकाणी उडाला होता. मी अठ्ठावीस वर्षं पंख्याच्या पात्यांना रंग मारतो. पंखा एकदा छताला लागला की त्याचा रंग कोणी बघत नाही, त्यामुळे माझ्या कामाची आजवर तक्रार नाही. नूपुर म्हणाली, "बाबा, नुसता रंग नको. वर कापड चिकटवतात, त्यावर पारदर्शक लॅकर मारतात. कापड आपल्या घरचं पाहिजे." मी हो म्हटलं. लेकीने मागितलं की हो म्हणायचं, ही माझी जुनी सवय आहे, तिचा या प्रकरणाशी संबंध आहे.

दि. १८ जानेवारीपासून काम केलं. तारा, मान, विजेचे भाग काढले. जुना रंग घासून लाकूड उघडं केलं. त्याला आधी पांढरा हात दिला, कारण कापड लॅकर प्यायलं की काचेसारखं होतं आणि खालचं लाकूड वर डोकावतं. पातळ गोंदावर कापड मधून कडेकडे हाताने दाबत नेलं, उभा-आडवा धागा हलू दिला नाही. कडा ब्लेडने कापल्या. त्यावर लॅकरचे चौदा हात, दर दोन हातांनी पाण्याच्या पॉलिश पेपरने घासणे. कडेने काळी सावली मारली, तिच्यात कापल्याच्या खुणा झाकतात. लॅकर कारखान्यातलं नव्हतं, विकत आणलं, हे न विचारता सांगतो.

कापड आईच्या ट्रंकेतलं. आईला विचारलं होतं. ती काही बोलली नाही, म्हणजे हो.

ते कापड १९९४ सालचं आहे. वडिलांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा मागावर अर्धं लुगडं चढलेलं होतं. आमच्याकडे बायका आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत, मागावर बसत नसत. आई बसली. अकरा महिने बसली. गल्लीतले म्हणत, "निमजेची बाई धोटा मारून राहिली, आता निमजे कांड्या भरन का?" वडिलांना भरता येत नव्हत्या. मी भरत असे. ही गोष्ट कारखान्यात कोणास माहीत नाही. वडील वारले त्या महिन्यात शेवटच्या लुगड्याचं मागावर जेवढं झालं होतं, तेवढं आईने कापून घेतलं: दीड हात पदर, सुती, रेशमी काठाचा, त्यावर बुट्ट्या. ते कोणी नेसलं नाही, नेसण्याएवढं नव्हतंच. माग आईच्या भावाने उमरेडला नेला. त्यावरून बोलाचाली झाली. तेव्हापासून त्यांच्याकडे आमचं येणं-जाणं नाही. त्या मामाचा मुलगा चंदन आजही विणतो, असं ऐकतो.

परवा रविवारी गिटार पूर्ण करून आईच्या मांडीवर ठेवली. आईने बोटं फिरवली. चौदा हातांखाली धागा हाताला लागत नाही, नुसती काच लागते. तिने दिव्याकडे धरून बघितलं आणि विचारलं, "गुलाब, हे कोणती बाजू होय रे?"

मी म्हणालो, "माय, वरची."

"बरं," म्हणाली.

काल संध्याकाळी नूपुरने आईला फोनवर दाखवलं. नूपुरने गिटारचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकला होता, येत्या शुक्रवारी त्यांच्या कार्यक्रमात ती वाजवणार आहे. दोनशे बारा लोकांनी अंगठे दिले होते. नूपुर लाडाने वाचून दाखवत होती, "आजी, सगळे विचारतात, हे गाठी-गाठींचं डिझाइन कुठलं? खूप वेगळं आहे म्हणतात."

आई रात्री जेवली नाही. पोटात गुबारा धरला म्हणाली. आम्ही ओवा दिला.

इथे मी दोनदा उठून बाहेर जाऊन फोन बघून आलो. त्याची नोंद घेऊ नये असं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी घेतली.

आज मी पहिल्या पाळीत कामावर असताना १०.४० वाजता पत्नीचा फोन आला. "आवो, आत्याबाई नाही घरात. नूपुरची गिटारबी नाही." मी मोटरसायकलने निघालो. अंबाझरीच्या सिग्नलला थांबलो असता मला समजलं. मागावर कापड उलटं विणलं जातं. सुलटी बाजू खाली असते, विणणाऱ्याच्या डोळ्यापुढे मागची. बुट्टीचे सुटे धागे, तुटलेल्या धाग्यांच्या गाठी, सगळं त्याच बाजूला. मी अकरा महिने आईच्या शेजारी बसून तीच बाजू बघितली. ट्रंकेतून कापड काढलं तेव्हा जी ओळखीची वाटली ती बाजू वर घेतली. दुकानातून साडी घेणाऱ्या कोणत्याही माणसाने ही चूक केली नसती. आईने त्या वर्षाआधी कधी धोटा मारला नव्हता. धागे फार तुटले, गाठी पुष्कळ होत्या. त्यांचं दोनशे बारा लोकांनी कौतुक केलं. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते.

वर मी आईला विचारलं होतं असं सांगितलं आहे. ते खरं नाही. ती दुपारी झोपली असताना मी ट्रंक उघडली.

त्यानंतर गोळीबार चौक, इतवारी, दोन देवळं बघितली. नंतर गांधीसागर तलावाला पूर्ण चक्कर मारली. मॅडमने विचारलं, तिकडे कशाला? मी सांगितलं, बसस्टँडच्या वाटेवर आहे. चक्कर मारायची गरज नव्हती, हे खरं आहे.

गणेशपेठ बसस्टँडवर चौकशी खिडकीतल्या साहेबांना आई आठवत होती. उमरेडच्या गाडीचा कंडक्टर तिला खिडकीपाशी घेऊन आला होता. पंच्याहत्तरच्या वर असल्याने तिचा प्रवास फुकट, पण वाद्याचं सामान म्हणून तिकीट लागेल, असा त्याचा मुद्दा. साहेबांनी सांगितलेलं बोलणं असं:

"आजी, याचं तिकीट काढा लागन."

"काहून? हा कपडा होय. मी विणला."

"आत लाकूड आहे ना."

"तुह्या शर्टाच्या आत तू आहेस. तू काढलं का तिकीट?"

खिडकीपुढची रांग हसली. कंडक्टरने तिला पुढच्या सीटवर बसवलं. गाडी ११.३० ला सुटली.

उमरेड दीड तासाचा रस्ता. चंदनचा नंबर माझ्याकडे नाही, घेतलाच नव्हता. ज्याच्याकडून मिळाला असता तो नातेवाईक दुपारचा फोन उचलत नाही. आई तिथे पोचली, की वाटेत डिघोरीला उतरली, की पाचगावला, हे कळायला मार्ग नाही. तिला काल दुपारपासून पोटात अन्न नाही आणि गिटार चार किलोची आहे. म्हणून मी या ठाण्यात आलो. मॅडमने उमरेडला फोन लावून एक शिपाई चंदनच्या घरी पाठवायला सांगितलं. तोवर बसा म्हणाल्या. मी बसलो नाही.

सायंकाळी ५.२० वाजता त्या शिपायाच्या फोनवरून मॅडमच्या फोनवर कॉल आला. मला दिला. चंदन होता. एकतीस वर्षांनी बोललो. तो म्हणाला, "भाऊ, आत्या इथंच हाय. जेवली, दोन पोळ्या. मागावर बसली हाय. माहं कापड चढवलेलं होतं, मले म्हणे उठ. मी म्हणलो, आत्या, आता तुले डोळ्यानं दिसते का? तर म्हणे, तुले दिसते, मंग तुहं कापड असं काहून?"

मागे धोट्याचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता.

मग आई फोनवर आली. तिने पहिल्यांदा विचारलं, "गुलाब, त्याले कपडा किती लागते रे?"

मी म्हणालो, "माय, घरी चाल. मी घ्याले येतो."

"विचारलं ते सांग."

"सतरा इंच लांब, तेरा रुंद. कडेले दोन-दोन इंच जास्त."

"बस, एवढाच?" असं म्हणून तिने पुढे सांगितलं, "शुक्रवारले होत नाही, पोरीले सांग. एक गाठ नाही राहू देत मी. तू ये आन् हे लाकूड घेऊन जाय. घासून ठेव. आन् या खेपेले मले विचारल्याशिवाय गोंद नको लावू."

फोन कट झाला की तिने ठेवून दिला, ते कळलं नाही. त्यानंतर मी पाणी मागितलं, ते मॅडमने दिलं.

चौदा हात खरवडायला मला आठ दिवस लागतील. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

"मिळून आल्या" असं लिहू काय, असं मॅडमने विचारलं. त्यावर सांगतो की, माझी आई हरवलेली नाही. ती उमरेडला कामावर आहे. सुट्टी केव्हा होईल ते सांगता येत नाही.

हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे कॉम्प्युटरवर घेतला. तो मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा ठाण्यातले इतर लोकही ऐकत होते. त्यात मी एक खोटं सांगून पुढे दुरुस्त केलं आहे, ते दोन्ही तसंच राहू द्यावं. बाकी मजकूर बरोबर आहे.

सही/-
गुलाबचंद भागवत निमजे