मायचं विमान तासाभरात आलं

आम्ही मूळचे नांदेडकडचे, ताई. मी लग्न होऊन कळव्याला आले, माझ्यामागनं दादा आला, वायरमनचं काम शिकला, दिव्याला खोली घेतली, लग्न झालं, पोरगी झाली, सगळं इथंच. माय मात्र गावीच. तिकडं पाण्याची बोंब, मी येऊन काय करू म्हणायची, आणि खरं म्हणजे तिला रात्रभराचा गाडीचा प्रवास झेपत नव्हता. दादा फोनवर म्हणायचा, माय, तुला विमानानं आणतो, तासाभरात पोचशील. ती म्हणायची, गप रे, पडलं बिडलं तर?

आणि काय सांगू तुम्हाला, दादा सकाळी चहा पिता पिता गेला. कप हातात, छातीत कळ आली, संपलं. दवाखान्यापर्यंतसुद्धा नाही. वहिनी मला म्हणाली, मायला तोंड दाखवल्याशिवाय मी यांना हलवू देणार नाही. म्हातारी गाडीनं येणार कधी? सहाशेच्या आसपास किलोमीटर. दादाची पोरगी, प्रीती, रडत रडत मोबाइल बघत होती, म्हणाली, दुपारचं विमान आहे, नवी मुंबईला उतरतं, तासाभराचंच आहे. काढलं तिकीट. गावाकडनं मामाचा मिलिंद मायला घेऊन निघाला. तिला एवढंच सांगितलं, दादाला बरं नाही, भेटायला बोलावलंय.

आणायला मी गेले. मुद्दाम रंगीत साडी नेसून गेले, पांढरी बघितली असती तर तिथंच बसली असती. बाहेर आली ती हसत, ताई. चाकाच्या खुर्चीत, पदर सावरत. म्हणे, सुमे, इतकं जवळ होतं होय गं तुमचं गाव? टेकले नाही तर उतरा म्हणाले. ढग खाली होते म्हणे, पिंजलेल्या कापसासारखे. मिलिंद माझ्याकडं बघेना.

गाडीत बसलो. शिळफाट्याला ही ट्राफिक. विमानाला लागला नाही तेवढा वेळ तिथं गेला, आणि ही आपली बोलतेय, बोलतेय. पोरानं बसवलंच शेवटी विमानात. आता दर भीमजयंतीला येईन. मी मनात म्हणते, आता सांगू, पुढच्या सिग्नलला सांगू. मग ती म्हणाली, फोन लाव त्याला, म्हणावं पोचले, काळजी करू नको.

मी फोन हातात धरून बसले. नंबर लावला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मिलिंदच्या पाठीकडं बघितलं. म्हणाली, सुमे, गेलं का गं लेकरू? मी मान हलवली फक्त. रडली नाही. काचेला डोकं टेकवलं आणि म्हणाली, आणि मी ढग बघत बसले.

घरी त्याच्या उशाशी बसली, त्याच्या केसांतनं हात फिरवत राहिली, भन्तेजींबरोबर त्रिशरण म्हणाली, आवाज हलला नाही. उचलताना मात्र जी ओरडली, अजून कानात आहे माझ्या.

परत गेली नाही. वहिनी कामाला जाते, माय दोघींच्या भाकऱ्या टाकून ठेवते, पाणी आलं की हंडे भरते. या सासूसुनेचं पूर्वी फोनवरसुद्धा धड जमायचं नाही, आता एका ताटात जेवतात. मी रविवारी जाते तेव्हा माय दारातनंच ओरडते, चप्पल बाहेर काढ गं, आताच पुसलंय. ओरडू दे. तेवढी आहे, खूप आहे. तुमचंही भलं होवो, ताई.