पर्समधलं यंत्र

आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, जा ना आत. डॉक्टर म्हणालेत, बोलत राहा, कदाचित ऐकू येत असेल दादाला."

"परवापासून बोलतेच आहे. पापणीसुद्धा हलली नाही."

"काय बोलता?"

"कुंड्यांना पाणी घातलं, दुकान पुतण्या बघतोय. आणि मी वेळेवर जेवतेय म्हणून."

"जेवताय?"

"घास उतरत नाही, ताई."

"मघापासून पर्समध्ये काय चाचपताय?"

"हे. मघाशी रुमाल काढताना हाताला लागलं."

"अहो, हे तर दादाचं कानातलं यंत्र."

"आत नेताना सिस्टरनी चष्म्याबरोबर काढून दिलं होतं. माझ्या डोक्यातूनच गेलं."

"याच्याशिवाय दादाच्या कानाशी ढोल बडवला तरी कळायचं नाही. उठा, सिस्टरना सांगून लावू."

"बसा जरा."

"वहिनी, भेटायची वेळ संपेल."

"आतापर्यंत ऐकूच जात नव्हतं, म्हणून हे गप्प होते. आता यंत्र लावलं, मी हाक मारली, आणि तरीही..."

"आणा इकडे. मी लावते."

"नको, ताई. थोडा वेळ पर्समध्येच राहू दे."