पडवीतला कॅमेरा

हसायचं तर हसा, पण त्या कॅमेऱ्याचं सांगतोच. पालीजवळचं आमचं घर वर्षभर बंद असतं, आम्ही मुंबईला. विकतच्या कॅमेऱ्यातून आपली पडवी कोण कोण बघत बसेल, देव जाणे. म्हणून मी सुटे भाग आणून स्वतःच एक जुळवला. चित्र एन्क्रिप्ट होऊन थेट माझ्या मोबाइलवर येतं, पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात.

निघताना दरवर्षी आम्ही वडाखालच्या राखणदाराला नारळ ठेवतो, घर सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतो. या वेळी शेजारचे काका नारळ घेऊन आले, तर मी म्हटलं, "राहू दे काका, आता त्याला सुट्टी. कॅमेरा लावलाय."

"असं बोलू नये रे," काका म्हणाले. "ऐकतो तो."

मुंबईत दुपारी जेवत होतो, मोबाइल वाजला. पडवीत हालचाल. बघतो तर दार बंद, माणूस कोणी नाही, आणि रिकाम्या जमिनीवर एक सुकलेला नारळ. त्याला मीच गेल्या वर्षी बांधलेला लाल दोरा.

काकांना फोन लावला. दिसलं ते सांगितलं. काका म्हणाले, "परत केलान रे. राखण सोडलान त्याने."

"सोडू दे. कॅमेरा आहे ना."

"कॅमेरा बघेल रे. अडवील कोण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कानाशी धरलेला मोबाइल थरथरला. पडवीत हालचाल.